शंकासुराचा नवा दोर

आमच्या विंचवाल्याला सगळे शंकासुर म्हणत, आणि तो नावाला जागत असे. विंच, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळत ओझं ओढणारं यंत्र, टेकाडाच्या माथ्यावर होती. उतारावर तोडलेले ओंडके तारेच्या दोराने वर ओढायचे, आणि त्या दोरावर याचा काडीचाही विश्वास नव्हता. रोज कामाआधी तो दोर थोडा थोडा सोडायला लावी आणि त्यावरून जुन्या शर्टाची चिंधी फिरवी. चिंधी अडली, की तिथे तार तुटलेली. मग नाकावर चष्मा, दोरावर नाक, आणि आमच्या चहाचा बट्ट्याबोळ. त्याची बायको म्हणायची, "आमच्याकडे शर्ट फाटत नाहीत, नोकरीला लागतात."

"काही होत नाही हो," असं कुणी म्हणालं की त्याचं उत्तर ठरलेलं. "काही होत नाही ना? मग खाली जाऊन उभा राहा." मंडळी मुकाट्याने चहा गार होऊ द्यायची.

खाली उभं राहण्याचं कामच ज्याचं होतं, तो मात्र गप्प बसणाऱ्यातला नव्हता. ओंडक्यांना साखळी अडकवणारा हा तरणा गडी शंकासुराची हुबेहूब नक्कल करी. जेवणाआधी स्वतःच्या डब्यावरून चिंधी फिरवून दाखवी. आणि नशीब असं खट्याळ, की शंकासुराच्या एकुलत्या एक लेकीने नेमका तोच पसंत केला. शंकासुराने त्याला चांगला उलटासुलटा तपासला, पण तुटलेली तार काही सापडेना, तेव्हा नाइलाजाने लग्न लावून दिलं. तेव्हापासून घरी "जावईबापू, बसा" आणि कामावर "ए, सरक तिकडे" असा दुहेरी कारभार सुरू झाला. दोराची कटकट मात्र दुपटीने वाढली. आता दोराखाली लेकीचा संसार उभा असायचा ना!

नव्या दोरासाठी त्याने मालकांकडे असा लकडा लावला, की मालक त्याला लांबून पाहूनच वाट बदलू लागले. शेवटी एकदाचा दोर आला. मालक जातीने हजर, सोबत दोन पाहुणे. शंकासुर चक्क इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

नवा दोर सोडायची रीत त्यानेच आमच्याकडून घोकून घेतलेली. वेटोळं आसावर चढवायचं, ते फिरवायचं आणि दोर सरळ निघू द्यायचा. आडव्या वेटोळ्यातून उपसला की दोर पिळतो. पण आस उभारायला वेळ हवा होता, आणि मालक घड्याळ बघत होते.

"इतकी वर्षं दोर दोर करत होतात. आता आला, तर मुहूर्त बघताय?"

पाहुणे हसले. शंकासुराला ते झोंबलं. त्याने वेटोळं तसंच जमिनीवर टाकलं आणि दोर उपसून ड्रमवर घ्यायला लावला.

व्हायचं तेच झालं. मधोमध एक फास पडला आणि ओढीबरोबर करकचून आवळला. मालक तेव्हा पाहुण्यांना झाडं दाखवत होते. शंकासुराने विंच थांबवली, फास उलगडला, लाकडी हातोड्याने ठोकून सरळ केला आणि वर ग्रीस फासलं. दोर अगदी नव्यासारखा दिसू लागला. नवाच होता म्हणा! पण आतले पेड एकदा मुरगळले की दोर गेला, हेही त्यानेच आमच्या डोक्यात भरलेलं. आम्ही दोघेतिघे बघत होतो, पण कुणी ब्र काढला नाही. असलं काही त्याच्याच तोंडून ऐकायची आम्हाला सवय होती.

खाली निघालेल्या जावयाची नजर त्या ग्रीसवर गेली. "मामा, ठीक आहे ना दोर?"

शंकासुराने मालकांकडे पाहिलं, पाहुण्यांकडे पाहिलं. "काही होत नाही," तो म्हणाला.

आता जावई याचंच वाक्य याच्या पदरात घालणार, म्हणून आम्ही कान टवकारले. पण तो सरळ उतार उतरला, ओंडक्याला साखळी घातली आणि नेहमीच्या जागी उभा राहून त्याने हात वर केला.

विंच धडधडू लागली. दोर मातीतून उचलला गेला, ताणू लागला. शंकासुराचा चेहरा पांढराफटक पडला.

"जावईबापू!" सगळ्यांदेखत तो किंचाळला. "बाजूला व्हा! दोर गेलाय!" आणि त्याने विंच बंद केली.

मालक धावत आले. "नवाकोरा दोर! कुणी घालवला?"

"मी."

पाहुणे पुन्हा हसले. या वेळी आम्हीही हसलो, खोटं कशाला बोला. ओंडका तिथेच पडून राहिला.

काम सुटल्यावर सासरे-जावई घरी निघाले, मी त्यांच्या मागेच होतो. बरंच अंतर गेल्यावर शंकासुराने विचारलं, "ग्रीस दिसलं होतं ना तुम्हाला? मग गेलात कशाला खाली?"

"तुम्ही जन्मभर लोकांना खाली उभं राहायला सांगत आलात. म्हटलं, तुमच्या 'काही होत नाही'वर एकदा उभं राहून बघावं."

"मग?"

"थांबवलंत ते बरं केलंत, मामा. पण उशीर केलात."

 शंकासुराने जावयाच्या हातातली डब्याची पिशवी काढून घेतली आणि घरापर्यंत स्वतःच नेली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, ते पाठीमागूनही कळत होतं.