दादा पळाला, साल मी भरलं

मी गाव सोडलं त्या सकाळी देवगाव फाट्यावर मला पोचवायला एकटी आय आली होती. एसटी दिसली तसं तिनं माझ्या पिशवीत भाकरी कोंबल्या आणि म्हणाली, "तिकडं दादा भेटला तर त्याला म्हणावं, जिवाला जप." निघालेलो मी, आणि जपायचं त्यानं! लय जळलो.

गावकऱ्यांनो, आज पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरात बसून हे लिहितोय, तरी जळणं काही थांबलेलं नाही. तुम्ही पोरासोरांना काय सांगता? किसनदादा मालकाकडून पळाला आणि गावातली सालदारी मोडली. वर्षाच्या बोलीवर मालकाकडं रात्रंदिवस राबायचं; सालदारी कसली, गुलामीच ती! आणि पळाला हेही खरंच. दुष्काळ सरला त्या साली भर पेरणीत तिफण सोडून गेला. मालकाची माणसं मानवत, परभणी हुडकून हात हलवत परतली. गेलेल्याला धरून आणता येत नाही, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

पण सालगडी पळाला तर उरलेलं साल त्याच्या भावानं भरायचं, हा आपल्याकडचा रिवाज. ते कुणी भरलं? शेणघाण, मोट, जागल, वर दादाच्या वाट्याच्या शिव्या, सगळं माझ्या गळ्यात. पाडव्याला मालकानं नव्या सालाची घोंगडी पुढं केली, ती घेतली की गडी वर्षभर बांधला गेला, तेव्हा सगळे गडी माना खाली घालून उभे होते. "न्हाई घेत," म्हणालो तो मी! माझं बघून एकेकानं हात मागं घेतला. मग आपल्या वस्तीचं पाणी बंद झालं, दळण बंद झालं, तरी मालकाच्या दारात कुणी परत गेलं नाही.

घोषणा मात्र दादाच्या नावाच्या. "भाऊ कुणाचा हाय!" म्हणत तुम्ही माझी पाठ थोपटली. वा रे वा! इथं रेल्वेच्या रूळ दुरुस्तीच्या गँगमध्येही मी किसनचा भाऊच. ड्यूटीवर मुकादम मलाच दादाच्या गोष्टी रंगवून सांगतो.

दादा आता औरंगाबादेत सभा गाजवतो. गेल्या रजेत घरी आलो तर आय त्याच्याच काळजीत. न राहवून विचारलं, "माजी कवा काळजी वाटली का गं तुला?"

खुळ्याकडं बघावं तसं बघितलं तिनं. "तुजी कशाला? तू हायेसच की."

राग आला, ताटावरून उठायला लागलो. तिनं हाताला धरून बसवलं आणि भाकर वाढली. मी गेलोय असं तिला अजून वाटतच नाही. माझं घर आता एवढंच, तिच्या लेखी मी अजून घरातच असणं. हे दादाला मिळालं नाही. जळू दे की त्यालाही थोडं!