मैना सिस्टरचा बापूस

मैना कोळी म्हणजे आमच्या वॉर्डातली सगळ्यात खडूस नर्स. हे मी कौतुकानं म्हणतेय. मी वैदेही, तुर्भ्याकडच्या एका हॉस्पिटलात हृदयविकाराच्या वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर. बावीस वर्षं हेच करतेय, पण पेशंटच्या नातेवाइकांना मैनासारखं झापणारी दुसरी पाहिली नाही. पेशंटला घरी सोडायच्या दिवशी ती त्याच्या बायकोला समोर बसवायची. "हार्ट कमजोर म्हणजे पंप कमजोर. अंगात पाणी साठणार. रोज सकाळी लघवी झाली की चहाच्या आधी वजन करायचं. दोन दिवसांत किलो-दीड किलो वाढलं तर ते मांस नव्हे, पाणी. लगेच घेऊन यायचं. आणि पापड-लोणचं दिसलं तर मी घरी येऊन फेकून देईन, सांगून ठेवते!" बायका टरकायच्या. पण तिनं समजावलेले पेशंट सहसा परत ॲडमिट व्हायचे नाहीत.

मग तिच्याच बापसाला अटॅक आला. दादू ऐरोलीच्या कोळीवाड्यातला, उभा जन्म खाडीत जाळं टाकलेला माणूस. वाचला, पण हृदय निम्म्याहून कमी चालायचं. तो राहायचा मैनाच्या भावाकडे, आणि मैना नवऱ्याबरोबर करंजाड्याला. तिनं बापसाकडे वजनकाटा नेऊन ठेवला, घरातला सगळा खारा बांगडा शेजारीपाजारी वाटून टाकला. झालं! पोरीनं बापाच्या तोंडचं मीठ काढलं म्हणून वाड्यात बोभाटा. दादूही काही कमी नव्हता. "मीठ नाय, मासा नाय, मंग जगायचं कशाला?" म्हणून ताट सरकवायचा. मैना कुणाला भीक घालत नव्हती. दर दोन दिवसांनी ड्यूटी संपली की ऐरोलीला जायची, बापसाची पावलं दाबून सूज बघायची, वजन बघायची, मगच घरी जायची. असं सात महिने तिनं त्याला धरून ठेवला.

आणि मग आमच्याकडे तपासणी लागली. हॉस्पिटलला कसलं तरी मानांकन हवं होतं. पेशंटपेक्षा फायली मोठ्या झाल्या. वरून हुकूम आला, सुट्ट्या बंद, आठवडाभर डबल ड्यूटी. ते वेळापत्रक मी केलं. माझी सही आहे त्यावर.

जाता येणार नाही म्हणून मैनानं वहिनीला, मीनाला, बजावलं, "रोज वजन कर. वाढलं की मला फोन कर." का, ते सांगितलं नाही. शेकडो बायकांना समजावलं, पण घरच्या बाईला माहीतच असेल असं तिला वाटलं.

तपासणीच्या दुसऱ्या दिवशी मीनाचा फोन आला. मैना एकीकडे सलाइन लावत होती, फोन खांद्यात धरलेला. मी डोळे वटारले. तिनं पटकन ठेवला नि म्हणाली, "घरी ठीक आहे मॅडम. बापसानं अंग धरलंय म्हणे." दमलेल्या तोंडानं हसलीसुद्धा. आणि मी काय म्हणाले? "बरं झालं बाई, एक टेन्शन गेलं. सात नंबरची फाइल पूर्ण कर."

दोघी हृदयाच्या वॉर्डातल्या! निम्म्या हृदयाचा म्हातारा दोन-तीन दिवसांत अंग धरतो, आणि आम्हाला कळलं नाही! एखाद्या पेशंटचा नातेवाईक असं बोलला असता तर मैनानं त्याला उभा सोलला असता.

तीन दिवसांनी दादूला आमच्याच वॉर्डात आणला. बसूनही धाप लागत होती, पायावर बोट दाबलं तर खड्डा पडत होता. मैनानं इंजेक्शनं दिली, ऑक्सिजन लावला, सगळं केलं. दुपारी तो गेला.

बाहेर मीना मला रडत सांगत होती, "बरा होत व्हता हो बाबा! वजन तीन किलो वाढलं व्हतं. ताईनं सांगितलं तसा मी फोन पन केला. खारा बांगडा भाजून दिला तं दोन घास जास्ती खाल्लं." मैना मागे उभी होती. तिनं शब्दन् शब्द ऐकला.

दहाव्याला मी गेले. बायका मीनाला धरून बसलेल्या. "सुनेनं शेवट गोड केला हो. लेकीनं नुसता उपाशी मारला." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आत्ता सांगते एकेकीला कुणी काय केलं ते! उठतच होते, तर मैनानं माझा हात घट्ट धरला.

"नका मॅडम. तिला नका सांगू."

"अगं, पण त्या तुला काय बोलतायत!"

"बोलू दे. तिनं फोन केला होता. ऐकला मी."

मी परत खाली बसले. तेवढ्यात मीना चहा घेऊन आली, मैनाशेजारी टेकली आणि पदरानं डोळे पुसत म्हणाली, "एक बरं झालं ताई. जाताना बाबा पोटभर जेवून गेलं."

मैनानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"हो वहिनी," ती म्हणाली. "तुझ्यामुळंच."