नऊ कार्डं

मुलुंडच्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर भाषाशास्त्राचे एक अध्यापक राहत. सत्तरच्या दशकात ते मंगोल भाषेतल्या वाक्यांवर प्रबंध लिहीत होते. वाक्यं सांगायला घाटकोपरची एक बाई येई. ती मूळची मंगोलियाची. रशियात शिकायला गेलेल्या एका मराठी इंजिनिअरशी लग्न करून इकडे आलेली. शेजारणींकडून मराठी शिकलेली. एका संस्थेत मंगोल शिकवायची नोकरी निघाली होती आणि त्यासाठी अध्यापक तिला शिफारसपत्र देणार होते. त्या पत्रासाठी ती पाच महिने फुकट येत राहिली.

मी कचेरीत तक्ते करणारा माणूस, म्हणून कार्डं मोजायचं काम माझ्याकडे आलं. एका कार्डावर एक वाक्य. सगळी अशी, की एका वाक्याच्या पोटात दुसरं वाक्य: ‘पाहुणा उद्या येणार असं आईनं सांगितलं.’ एकूण २१४ कार्डं. त्यातल्या ६१ कार्डांत ‘पाहुणा’ या अर्थाच्या मंगोल शब्दाला ‘ईग’ असा प्रत्यय होता. अध्यापकांनी या ईगला सरळ आपला ‘ला’ ठरवला आणि अर्थ लावला, ‘आईनं पाहुण्याला सांगितलं.’ त्यांच्या मते हा पाहुणा आतल्या वाक्याचा कर्ता नव्हताच.

पण नऊ कार्डं जुळेनात. त्यांत ‘उद्या’ आधी होता आणि ईगवाला पाहुणा नंतर. उद्या येणं होतं, सांगणं तर झालेलं; म्हणजे ‘उद्या’ हा शब्द आतल्या वाक्याचा. मग ‘उद्या’नंतर बसलेला पाहुणाही आतल्याच वाक्यातला. मी बाईंना विचारलं. त्या खो खो हसल्या.

“पाहुण्याला कुणी काय सांगितलंच नाय, भाऊ! तो बिचारा गावाला आहे. सांगितलं आजीला. ‘आजीला’चा ‘ला’ आमच्याकडे वेगळा. पाहुणा येणारा आहे, ईग लागला तरी येणारा तोच. कधी आत बसतो, कधी उठून वाक्याच्या सुरुवातीला जातो.”

म्हणजे नऊच नव्हे, एकसष्टच्या एकसष्ट चुकली होती. मराठी माणसानं मराठी ‘ला’ दुसऱ्याच्या भाषेवर चिकटवला होता. चूक कोणाचीही होते. मी वर जाऊन ती दाखवली.

“अरे, नऊ कार्डांनी काय होतंय?” अध्यापक म्हणाले.

“नऊ ही नऊ असतात.”

“तू बेरजा कर ना! व्याकरण मला शिकवू नकोस.”

पुढच्या आठवड्यात टंकलिखित प्रत तपासायला आली. माझ्या तक्त्यात एकूण कार्डं २०५. खाली बारीक टीप: ‘नऊ वाक्यं वगळली आहेत. माहिती देणाऱ्या बाईंची मातृभाषा मुंबईतल्या वास्तव्यामुळे बिघडलेली आहे.’

मला शिसारी आली. तिला पाच महिने फुकट राबवून, तिचीच वाक्यं घेऊन, स्वतःचा घोटाळा तिच्या तोंडाला फासायचा! तक्त्याखालचं माझं नाव मी तिथल्या तिथे खोडलं आणि प्रत त्यांच्या दारात ठेवून आलो. त्याहून जास्त मी काही केलं नाही. भांडलो नाही, संस्थेला कळवलं नाही. त्याचीही किळस येते, आणि ती अजून गेलेली नाही.

प्रबंध मंजूर झाला. पेढे आले, ते मी परत पाठवले. बायको म्हणाली, “लोक काय म्हणतील?” म्हटलं, म्हणू देत.

शिफारसपत्र अध्यापकांनी दिलंच नाही. उलट, संस्थेनं विचारलं तेव्हा टिपेतलंच वाक्य कळवलं. महिन्याभरात बाई संस्थेचा नकार घेऊन माझ्याकडे आल्या. पत्र इंग्रजीत होतं, मी त्याचं मराठी करून सांगितलं.

“बिघडलेली म्हणजे?” त्यांनी विचारलं. “स्टोव्ह बिघडतो तसं?”

“तसंच.”

त्यांनी पत्राची घडी घातली आणि मंगोलमध्ये एक लांबलचक वाक्य बोलल्या. कोणासाठी ते कळलं नाही. मी अर्थ विचारला नाही. वाक्यात ‘ईग’ दोनदा आला, तेवढं मोजलं.