राखाडी खोलीतला निळा पडदा

सावेसाहेबांची आणि माझी ओळख माझ्या लाल सदऱ्यावरून झाली. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या कापड रंगवण्याच्या कारखान्यात, कॉम्प्युटर विभागात मी नुकताच रुजू झालो होतो. सदरा पालघरच्या बाजारातून पहिल्या दिवसासाठी मुद्दाम घेतलेला. विभागप्रमुख श्री. अनंत सावे मला कारखाना दाखवायला निघाले आणि शेड-रूमच्या दारात त्यांनी खुंटीवरचा राखाडी ॲप्रन माझ्या हातात ठेवला. या खोलीत कापडाचा रंग नमुन्याशी ताडून पाहतात. शेजारचा भडक रंग डोळ्याला फसवतो, म्हणून भिंती, टेबल सारे राखाडी, असे त्यांनी समजावले. मी ॲप्रन घातला. अक्कल मात्र खुंटीवरच राहिली.

साहेबांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या शिस्तीविषयी, पाम गावाहून सायकलने वेळेवर येण्याविषयी इतर लिहितीलच. मी माझ्या एका चुकीविषयी लिहितो, कारण साहेब मला तिच्यामुळेच कळले.

शेड-रूममध्ये घिवलीचे हरेश्वर तामोरे बसत. घर मासेमारीचे, पण यांची नजर रंगात. त्यांच्या शब्दावर माल पास व्हायचा. त्यांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये मी रंग तयार करण्याच्या कृतींचा प्रोग्रॅम बसवला. गर्द निळा पडदा, त्यावर पिवळी अक्षरे. मला तो फार देखणा वाटे.

काही महिन्यांनी फिक्या रंगांचा माल परत येऊ लागला. तक्रार एकच, कापडात निळसर झाक आहे. तामोऱ्यांचे डोळे गेले असे वरच्यांनी ठरवले आणि त्यांना गोदामात हलवण्याचा कागद तयार झाला. वय झाले की व्हायचेच, असे मीही बोलून गेलो. त्याची मला आजही लाज वाटते.

तामोरे साहेबांकडे आले. “सकाळी खोलीत येतो तवा सगळं बरोबर दिसतं, साहेब,” ते म्हणाले. “दुपारपातूर माजाच माज्यावर भरवसा राहत नाय. पण डोळे चांगले हायेत माजे.”

साहेबांनी त्यांची समजूत घातली नाही. त्यांनी मला माझ्याच पडद्यापुढे तासभर बसवले आणि मग दोन फिके तुकडे समोर ठेवले. मी म्हणालो, एकच रंग. पडदा बंद करून त्यांनी मला व्हरांड्यात पाठवले, थोड्या वेळाने परत बोलावले. आता एक तुकडा सरळसरळ निळसर होता. निळ्याकडे पाहून थकलेल्या डोळ्याला निळ्यातला बारीक फरक दिसत नव्हता.

साहेब शांतपणे म्हणाले, “तुमच्या सदऱ्याला ॲप्रन घातला, पडद्याला घालायचा राहिला.”

मी घाईघाईने कारखान्यातल्या सगळ्याच पडद्यांवर निळ्याचे राखाडी करतो म्हणालो. साहेबांनी नकारार्थी मान हलवली. बॉयलरपाशी पडद्यावर ऊन येते, तिथे राखाडीवर काही वाचता येणार नाही, हे त्यांनी दाखवून दिले. प्रोग्रॅमने फक्त सांगावे की हे शीर्षक, हा मजकूर, हा इशारा. त्यांचे रंग त्या त्या जागेच्या वेगळ्या फाइलीतून यावेत, आणि ती फाइल तिथे बसणाऱ्याने ठरवावी. आता याला थीम म्हणतात. तेव्हा मी त्याला नसती उठाठेव म्हटले आणि प्रोग्रॅमच्या ओळीओळीत कोंबलेले माझे लाडके रंग कुरकुरत उपसून काढले.

शेड-रूमची फाइल ठरवायला तामोरे बसले, तेव्हा साहेबांनी वरच्यांनाही मुद्दाम बोलावले. मी चार राखाडी दाखवले. आम्हा सर्वांना ते एकच वाटले. तामोऱ्यांनी तीन बाजूला काढले: यात पिवळं हाय, यात हिरवं, हा लालीवर जातो. चौथा त्यांनी ठेवला. मग गोदामाचा विषय कोणी काढला नाही.

त्या बदलीच्या कागदावर साहेबांनी शेरा लिहिला, “दोष आमच्या विभागाच्या प्रोग्रॅमचा,” आणि खाली स्वतःची सही केली. माझे नाव कुठेच नव्हते. त्यावरून ते माझ्यावर कधी रागावल्याचेही आठवत नाही. एरवी मी कोरडा माणूस, पण त्या सहीपुढे माझे डोळे भरून आले.

तामोरे अजून त्याच टेबलावर आहेत. साहेबांविषयी काय लिहू, असे मी त्यांना विचारले. ते म्हणाले, “लिवा, साहेब आदी खोली बगतात, मंग मानसाला बोल लावतात.”

या ग्रंथाच्या मुखपृष्ठाचा रंग समितीने मला विचारला होता. मी तो तामोऱ्यांना निवडायला सांगितला. सावेसाहेबांना निरोगी दीर्घायुष्य लाभो, आणि त्यांनी राखलेल्या त्या नजरेने निवडलेला हा रंग ते पुढची पुष्कळ वर्षे डोळे भरून पाहोत.