घाई झाली

चिमाजीच्या हातातला टाळ नुसता वाजत नसे, तो नाम घेई. कुरुळीच्या देवळात कीर्तनाला तो मागच्या ओळीत उभा राही आणि पुढच्या ओळीतल्यांची पावले त्याच्या ठेक्यावर पडत. परभणीकडून हातावर पोट घेऊन आलेला हा माणूस चाकणच्या कारखान्यांना कामगार पोचवणारी बस देवाचा रथ हाकावा तशी हाकी. कंपनीचा भोंगा व्हायच्या आत त्याची बस फाटकात असे, हा त्याचा एकच अभिमान. अभिमानाने कपाळी गंध लावले, तरी तो अभिमानच!

एके दुपारी बस कोंडीत अडकली. मागून पोरे ओरडू लागली, "चिमाभाऊ, दाबा की! का आज भोंगा तुमच्या नावानं वाजवायचा?"

चिमाजीने बस साइडपट्टीवर उतरवली आणि दाबली. त्या पट्टीवरून चतुराबाई आणि तिची शेजारीण कस्तुरा कॅन्टीनचे काम उरकून घरी चालल्या होत्या. कस्तुराचा हात मोडला. चतुराबाईचा गुडघा असा चेपला की तो पुन्हा वाकला नाही.

चिमाजी दवाखान्यात गेला, तिच्या पायांवर डोके ठेवून लेकरासारखा रडला. "चुकलं माय. घाई झाली."

खटल्यात बसमधल्या कामगारांनी सांगितले, आम्ही मोबाइल बघत होतो. कस्तुराला मागून धडक बसलेली. तिने काय पाहावे? उरली चतुराबाई. ती हात जोडून म्हणाली, "मानूस वाईट न्हाई, साहेब. पाय धरलं त्यानं माझं. चुकलं, घाई झाली, म्हनला." तिने दया म्हणून दिलेला शब्द कायद्याने पुरावा म्हणून घेतला. निष्काळजीपणे वाहन चालवल्याबद्दल चिमाजीला सहा महिन्यांची कैद झाली.

त्याने वरच्या न्यायालयात अपील केले. ते फेटाळले गेले तर तुरुंग ठरलेला, आणि स्टिअरिंगला पुन्हा हात लागणार नव्हता. काळेवाडीतले दिग्विजय वकील त्याला म्हणाले, "घाई झाली म्हणालात. कुणाची?"

"माझीच की, साहेब."

"'माझी' असं म्हणालात?"

"न्हाई. पण ते काय सांगावं लागतंय का?"

"नाही सांगितलंत तेच बरं! 'चुकलं' असो की 'घाई झाली', वाक्यात कर्ता नाही, चिमाभाऊ, म्हणजे तुम्हीही नाही. आणि नमस्काराचं म्हणाल, तर पुस्तकाला पाय लागला तरी आपण हात जोडतो. ती काय कबुली असते?"

चिमाजीने मान खाली घातली. "माईला काय वाटंल?"

"ती कशाला येतेय तिथं!"

पण ती आली. कस्तुराच्या खांद्याचा आधार घेत आली. "सुटू दे बया त्याला. माझ्या बोलन्यानं आडाकलाय," असे वाटभर म्हणत आली, आणि मागच्या बाकावर पाय लांब करून बसली. तिच्यादेखत वकील म्हणाले, "नमस्कार हा निव्वळ रिवाज आहे. आणि घाई रस्त्याने जाणाऱ्या महिलेचीही असू शकते."

आरोपीच्या जागी चिमाजी उभा होता. एक शब्द पुरे होता. 'माझी'. तीन अक्षरेही नव्हेत, दोनच! सारा जन्म नाम घेतलेल्या जिभेला ती दोन अक्षरे जड झाली. त्याने ती गिळली.

निकालालाही ती आली. संशयाचा फायदा देऊन न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले.

बाहेरच्या व्हरांड्यात दिग्विजय वकील पाठ थोपटून म्हणाले, "चिमाभाऊ, व्याकरणानं वाचलात!" चिमाजीला हसता आले नाही. चतुराबाई बाकावर टेकली होती. तो तिच्यापुढे वाकला. "माय, घाई माझी झाली. माझीच."

"आत का न्हाई म्हनलास?"

त्याची नजर वकिलांकडे गेली.

"सुटावास म्हनूनच आले व्हते रं मी. देवाला तेच मागितलं व्हतं." तिचा आवाज चढला नाही. "पर त्या दिशी दवाखान्यात तू रडलास, ते बी रिवाजानंच व्हय?"

पाय धरायला त्याने हात पुढे केले. चतुराबाईने आपला न वाकणारा पाय दोन्ही हातांनी उचलला आणि बाजूला ठेवला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "भोंगा व्हईल तुजा."