एका महिन्याच्या गोळ्या

९ जून, सोमवार. नांदेडच्या सरकारी दवाखान्यातली समुपदेशनाची खोली. हजर: मी, माझा भाऊ, समुपदेशक मॅडम. गैरहजर: माझा नवरा, चार वर्षांपूर्वी वारलेला.

मॅडम म्हणाल्या, "तिन्ही तपासण्यांचा निकाल एकच आलाय. रिॲक्टिव्ह." म्हणजे रक्तात एचआयव्ही सापडला. मी वहीत तारीख लिहिली, खाली रेघ मारली. रडू आलं नाही. भाऊ बाहेर जाऊन उभा राहिला.

मी जळकोटला शाळेत कारकून आहे. दोन महिने ताप येत होता, वजन उतरत होतं. आमचा जिल्हा लातूर, पण तिथल्या दवाखान्यात नणंद नर्स आहे. म्हणून भावाच्या पत्त्यावर नांदेडला नाव घातलं. बरेच जण असंच करतात. लातूरचे नांदेडला येतात, नांदेडचे लातूरला जातात.

आधी सीडी-फोर झाली. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी किती उरल्यात, ते त्यात कळतं. माझ्या कमी होत्या. चौथ्या दिवशी एआरटी सुरू झाली, म्हणजे विषाणू दाबून ठेवणारी रोजची गोळी. ती आयुष्यभर घ्यायची आणि फुकट मिळते.

दर महिन्याला रजा टाकून रांगेत बसायचं. तिथे चंद्रकला भेटली. हे तिचं खरं नाव नाही. धर्माबादकडची, ऊसतोडीला जाणारी. तिला टीबीही झाला होता. आम्ही शेजारी बसायचो, फार बोलायचो नाही.

काही महिन्यांनी माझा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, मोजता येणार नाही इतका खाली आला. मला एकदम तीन महिन्यांच्या तीन बाटल्या मिळू लागल्या. चंद्रकलाच्या खेपा चुकलेल्या, त्यामुळे तिला एकच.

ती म्हणाली, "ताई, जिला यायला जमतं तिला तीन महिने सुट्टी. जिला जमत न्हाई तिनं महिन्या-महिन्याला यावं. लई भारी न्याय हाय बघा."

मी हसले नाही. तीच हसली.

दिवाळीनंतर तिची टोळी निघणार होती. कारखान्याजवळच्या एआरटी केंद्राच्या नावे इथून पत्र मिळालं की तिथे गोळ्या मिळतात. पण मुकादम कारखान्याचं नाव गाडीत बसल्यावरच सांगतो. पत्र कुठल्या केंद्राला लिहायचं? बस स्टँडवर मी माझी एक बाटली तिच्या पिशवीत घातली. वहीत नोंद केली: चंद्रकला, एक. मला ते नीट काम झाल्यासारखं वाटलं.

माझ्या गोळ्या महिनाभर आधी संपल्या. डॉक्टरांनी कारण विचारलं. मी वही दाखवली.

त्यांनी चंद्रकलाचा कागद काढून पाहिला. मग म्हणाले, "टीबीचं औषध चालू असताना तिला संध्याकाळी एक वेगळी गोळी जास्त लागते. ती तुमच्या बाटलीत नव्हती. नुसत्या सकाळच्या गोळीवर रेझिस्टन्स येऊ शकतो." रेझिस्टन्स म्हणजे विषाणूला औषध लागू न पडणं. तो आला की पुढचं औषध अवघड.

मी विचारलंच नव्हतं तिला, की तू काय काय घेतेस.

डॉक्टर ओरडले नाहीत. तिचं पत्र टाईप करून ठेवलं, कारखान्याचं गाव कळवा म्हणाले, लगेच सही करतो. मला परत महिन्याच्या रांगेत टाकलं. मला रजा मिळते, म्हणून ते झेपतं.

माझं वजन भरून आलंय. दवाखान्यातल्या माणसांनी मला जगवलं, हे मी विसरणार नाही. तुमच्यावर ही वेळ आली तर दोन गोष्टी करा. कामाला बाहेरगावी निघण्याआधी केंद्रात सांगा, गाव माहीत नसलं तरी सांगा. आणि आपली गोळी दुसऱ्याला देऊ नका, कितीही जवळचं माणूस असो.

गेल्या रविवारी चंद्रकलाच्या गावी गेले. शाळेच्या कामाचं निमित्त सांगितलं. सासू दारातच म्हणाली, "गेले की बाई, कर्नाटकात गेले म्हणं. कोणच्या कारखान्यावर, ते न्हाई ठावं." चंद्रकलाचा फोन बंद आहे. सासूने मुकादमाचा नंबर दिला. सकाळपासून सहा वेळा लावला, उचलत नाही.

पत्र केंद्रात तयार आहे. गावाची जागा कोरी आहे.