देवघरातलं खत

माझ्या सासूबाई काडी वाया घालवत नाहीत. जळलेली काडी विझवून त्या देवघरातल्या पत्र्याच्या डबीत ठेवतात आणि पुढच्या वेळी गॅसवरून समईपर्यंत ज्योत न्यायला तीच वापरतात. त्याच डबीत कापसाच्या वातीही असतात. राई गावात मिठागरवाल्यांच्या घरात वाढलेल्या सासूबाई आमच्या भाईंदरच्या फ्लॅटमध्ये आल्या त्या ही डबी घेऊनच. मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, तरी ही डबी इतकी वर्षं पेटली कशी नाही, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

मग एका संध्याकाळी ती पेटलीच.

डोळ्यांच्या आजाराने त्यांची नजर कमी होत चाललीय. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. काडी आखूड, वात सापडेपर्यंत बोटं भाजतात. म्हणून त्यांनी नव्या खराट्यातला लांब हीर काढला, त्याने समई लावली, फुंकर मारली आणि सवयीने तो मोडून डबीत टाकला. वाती धुमसल्या, देवघराचा पडदा पेटला. नवऱ्याने बादलीभर पाणी ओतून देवांसकट सगळं भिजवलं आणि दुसऱ्या दिवशी बॅटरीवरची समई आणली. "आई, आता फक्त बटण दाबायचं."

सासूबाई संध्याकाळी देवघरासमोर बसेनाशा झाल्या. स्वयंपाक केव्हाच सुटला होता, आता दिवाही गेला. मला फार वाईट वाटलं आणि नवऱ्याचा रागही आला. पण घाबरलेल्या माणसावर किती रागवायचं?

पेटीतल्या काडीत आणि हिरात फरक होता तो एका क्षाराचा. काडीचं लाकूड अमोनियम फॉस्फेटच्या पाण्यात भिजवून वाळवलेलं असतं. ते तापलं की अमोनिया उडून जातो, मागे राहिलेलं फॉस्फोरिक आम्ल कोळशाला धरून बसतं आणि ज्योत विझल्यावर निखारा धुमसू देत नाही. हिराला हे संस्कार कोणी केलेच नव्हते.

घोडबंदर रोडच्या नर्सरीत हाच क्षार 'बारा-एकसष्ट' नावाने खत म्हणून मिळतो. पिशवी आणून मी हीर भिजवले. पहिली खेप इतकी कडक झाली, की हीर पेटेनातच. नवरा म्हणाला, "वा, सगळ्यात सेफ." मी पाणी वाढवलं, बाल्कनीत पुन्हा हीर वाळत घातले. या वेळी हीर पेटले आणि फुंकर मारताच काळे पडून थंड झाले.

सासूबाईंनी पिशवी चाचपली. "खत? देवापुढं?"

"आई, पेटीतल्या काडीतही हेच असतं. हे पण एक प्रकारचं मीठच."

"खायाचं न्हाय, ते कसलं मीठ?" असं म्हणून त्यांनी पिशवी बाजूला सारली. मला वाटलं, सगळी मेहनत फुकट गेली.

संध्याकाळी मात्र त्यांनी माझ्याकडे हीर मागितला. गॅसवर पेटवून, दुसरा हात भिंतीला लावत देवघरापर्यंत गेल्या, वात शोधून समई लावली. नवरा दारात बादली घेऊन उभा होता. त्यांनी फुंकर मारली, हिराच्या टोकाला हळूच बोट लावलं, थोड्या वेळाने पुन्हा लावलं, आणि तो डबीत ठेवला. मी डबीकडे बघत राहिले. काही झालं नाही. नवऱ्याने बादली बाथरूममध्ये नेऊन ठेवली.

"मस्त झाले ना?" मी कौतुकाच्या अपेक्षेने विचारलं.

"हाय, बरे हायत," त्या म्हणाल्या. "अजून करून ठेव, बाय. विझल्यावरचा इंगळ तर मना कधीचा दिसत न्हाय. आता ज्योतपण दिसायची न्हाय, तवा लागतील."

दुसऱ्या दिवशी मी नवा खराटा आणला आणि सगळाच सोडून हीर भिजत घातले.